डाव्या हाताचा ब्रेक

जवळजवळ वर्षभर मी रोज सकाळी बायकोच्या सायकलचं मागचं चाक फिरवत होतो आणि ती ते थांबवत होती. चहा झाला की आम्ही गॅलरीत यायचो. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सायकल उभी असायची. मी सीट धरून मागचा भाग उचलायचो, दुसऱ्या हाताने पायडल फिरवायचो, चाक वेगात आलं की पायडल सोडून द्यायचो. ती हँडलच्या डाव्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायची. डाव्या हाताने ब्रेकचं लिव्हर दाबायची. चाक थांबायचं. मग ती शाळेत जायची आणि मी ड्यूटीवर.

तिचा उजवा हात तेव्हा गेलेलाच होता. डावा कधी जाणार हे आम्हाला कळायला हवं होतं, आणि ते कळायचा हा मार्ग तिनेच काढला होता. ती शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांकडे दर वेळी एका यंत्राची मूठ दाबायला देत, आकडा लिहून घेत आणि गप्प बसत. ती म्हणाली, आकड्यापेक्षा चाक बरं. थांबलं तर थांबलं.

आमचं ठरलं होतं. ज्या दिवशी चाक थांबणार नाही, त्या दिवशी पोरीला सगळं सांगायचं. तिने शाळेची नोकरी सोडायची, आणि दुसरा हात पुरता जायच्या आत पोरीकडे बंगळूरला जाऊन राहायचं. पोरीला स्वतःच्या हाताने चार दिवस करून घालायचं, एवढंच तिच्या मनात होतं. "आयतं बसून खायला नाही जाणार मी तिच्याकडे," असं ती म्हणायची. "हात चालतोय तोवरच जाईन."

मी एकलहऱ्याला वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटच्या विभागात आहे. दाबाचे, तापमानाचे गेज नीट दाखवताहेत की नाही हे बघायचं, बिघडले तर दुरुस्त करायचे. राहायला नाशिकरोडला. पन्नाशी जवळ आल्यावर शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि मला चालण्याचा कंटाळा म्हणून मी गिअरची सायकल घेतली. शहरात तेव्हा जो तो सायकल घेत होता. बहुतेकांनी रस्त्यावर पळणाऱ्या बारीक टायरच्या घेतल्या. मी डोंगरात चालणारी घेतली, रुंद टायरची, पुढे शॉकअप असलेली. वेगाची मला भीती वाटते. दगडाधोंड्यांतून हळू जायला माझी हरकत नसते.

घेतली म्हणजे काय, आधी तीन महिने नुसता वाचत होतो. फ्रेम कोणत्या मापाची, शॉकअप हवेचा की स्प्रिंगचा, पुढे पायडलपाशी दात्यांच्या चकत्या तीन हव्यात की दोन, टायरवरच्या रबरी गुट्ट्या केवढ्या उंच. घरात भाजी आणायला सांगितलेली मी विसरत असे, पण कोणत्या गिअरला किती दाते असतात ते झोपेत सांगितलं असतं. ते सुख खोटं नव्हतं. एखादा सुटा भाग निवडताना वाटतं की जगातल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर असतं, फक्त नीट शोधायला हवं. ही सवय पुढे कशी माझ्या अंगाशी आली तेच सांगायचंय.

सहा-आठ महिन्यांनी तिने स्वतःच विषय काढला. "रविवारी तुम्ही एकटेच जाता. मी काय घरी बसून तुमचे मोजे धुवायचे?" आम्ही दोघं दुकानात गेलो. विकणाऱ्याने तिला बघून लगेच पुढे टोपली असलेली, गुलाबी मडगार्डची सायकल काढली. मॅडमला भाजीबिजी आणायला सोयीची, असं म्हणाला. ती म्हणाली, "टोपलीत यांना बसवू का? चढावर थकतात."

दुकानदार हसला, मीही हसलो. तिच्यासाठी आम्ही माझ्यासारखीच डोंगराची सायकल घेतली, लहान मापाची, करड्या रंगाची. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गाभा ज्यावर चाक फिरतं, तो मात्र मी नंतर मुद्दाम वेगळा मागवून बसवला. खूप मोकळं फिरणारा. त्याची एक गंमत होती. पायडल मारायचं थांबलं की आतल्या खिट्ट्या कर्रर्र आवाज करत. पहिल्या दिवशीच ती म्हणाली, "हा काय रातकिडा बसवलात?" तेव्हापासून तो रातकिडाच झाला. तो तिला इतका आवडला की माझ्याही सायकलला बसवावा लागला. मग उतारावर मी मागे असलो की ती न वळता म्हणायची, "रातकिडा बोलतोय तुमचा. पायडल मारा, फुकट येताय."

ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. तीस वर्षं स्कूटर चालवलेला हात होता तिचा. तोल, ब्रेक, खड्डा चुकवणं, सगळं अंगातच होतं. रविवारी आम्ही त्रिरश्मीच्या डोंगराला जायचो. बाकीचे लोक पांडवलेणी म्हणतात, आमच्या घरात कुणी म्हणत नाही. लहानपणी आजोबा बोट धरून वर लेणी बघायला न्यायचे, तेव्हापासून आम्हाला तो डोंगर त्रिरश्मीच. पायऱ्यांच्या बाजूला गर्दी असते. मागच्या अंगाला मात्र मुरमाची वाट आहे, एक लांब चढ आणि तेवढाच उतार. चढ संपला की एका बाभळीखाली थांबून आम्ही शेंगदाण्याचे लाडू खायचो. तिथून खाली शहर दिसतं आणि आपलं घर कुठे ते कधीच सापडत नाही. ती दर वेळी शोधायची.

एका पावसाळ्यानंतर ती म्हणाली, "गिअर अडतोय."

चढ लागला की उजव्या अंगठ्याने लिव्हर ढकलायचं, म्हणजे गिअर हलका होतो. ते ढकललं जात नव्हतं. मी म्हटलं, पावसाने केबल गंजली असेल. केबल बदलली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग केबलचं आवरण बदललं. मग मागचा गिअर सोडवून रॉकेलमध्ये धुतला. मग तो ज्या पट्टीवर असतो ती वाकलीय असं मी ठरवलं आणि ती नवी आणली. दर वेळी मी स्वतः चालवून बघायचो आणि माझ्या अंगठ्याने गिअर लोण्यासारखा पडायचा. मी तिला म्हणायचो, झाला बघ. ती म्हणायची, हो, बरा वाटतोय आता.

हे असं दिवाळी गेली, थंडी गेली, उन्हाळा लागेपर्यंत चाललं. शेवटी मी गिअर बदलायचं ते लिव्हर, सबंध शिफ्टरच नवा मागवला, सगळ्यात हलका दाब लागणारा. तो बसवत होतो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अहो, शाळेत माझ्या हातातून खडू पडतो."

मी हातातला पाना खाली ठेवला. केव्हापासून, असं विचारलं. ती म्हणाली, गिअर अडायला लागला साधारण तेव्हापासून.

इतके महिने मी सायकल दुरुस्त करत होतो. तिचा अंगठा धरून, जरा दाब बरं, असं एकदाही म्हणालो नाही.

मुंबई नाक्याजवळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सुया टोचून तारांमधून वीज सोडून बघितली. मज्जातंतू सुकत जाण्याचा आजार आहे, म्हणाले. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. एका हाताने सुरू होतो, मग दुसरीकडे जातो. किती वेगाने, ते सांगता येत नाही. तिने विचारलं, उपाय काय. ते म्हणाले, वेग थोडा कमी करायच्या गोळ्या आहेत. तिने पुन्हा विचारलं, उपाय काय. तेव्हा त्यांनी मान हलवली.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी विचार करत होतो, उजव्या बाजूचा शिफ्टर उलटा करून डाव्या बाजूला बसेल का.

बसला. पुढच्या तीन चकत्यांची एक केली, त्यामुळे त्या बदलणारं डावीकडचं लिव्हर निघालं, जागा मोकळी झाली आणि मागचे सगळे गिअर डाव्या अंगठ्यावर आले. मुठी जाड, हाताला आधार देणाऱ्या लावल्या. टायर आणखी रुंद घातले आणि हवा कमी ठेवली, धक्के कमी बसावेत म्हणून. तारेचे ब्रेक काढून तेलावर चालणारे घातले, एका बोटाने लागणारे. दर थोड्या दिवसांनी तिचा हात थोडा जायचा आणि मी एक नवीन भाग आणायचो. ती प्रत्येक वेळी म्हणायची, छान झालं. मित्र म्हणायचे, वहिनी नशीबवान आहेत. मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि आता त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

मग ब्रेकचं झालं.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, डाव्याला मागचा. बिनगिअरच्या स्कूटरचंही तसंच. खरी ताकद पुढच्या ब्रेकची. सायकल थांबवतो तो पुढचा, मागचा नुसता सांभाळतो. तिचा उजवा हात उतारावर पुढचा ब्रेक पुरेसा दाबू शकत नव्हता. मी वाचलं होतं की बाहेरच्या देशांत उलटं असतं, पुढचा ब्रेक डाव्या हाताला. म्हणजे उपाय तयारच होता. दोन्ही ब्रेकच्या नळ्या सोडवल्या, अदलाबदल केली, तेल भरलं, हवा काढली. चांगल्या हाताला चांगला ब्रेक. कागदावर त्यात एकही चूक नव्हती.

तिला समजावून सांगितलं. खालच्या पार्किंगमध्ये तिने फेऱ्या मारल्या, तोंडाने म्हणत, डावा पुढचा, उजवा मागचा. पोरं पाढे म्हणतात तशी. दोन-तीन दिवस केलं. मग रविवारी आम्ही त्रिरश्मीला गेलो.

चढ ती हळूहळू चढली. बाभळीखाली लाडू खाल्ले. तिने घर शोधलं, सापडलं नाही. मग उतार. ती पुढे, मी मागे. एका वळणावर वाटेत शेळी आली. तीस वर्षं स्कूटरसमोर काही आडवं आलं की तिच्या हाताने जे केलं असतं तेच त्याने केलं. डावा ब्रेक कचकचून दाबला. मागचा समजून. पुढचं चाक मुरमात जागच्या जागी रुतलं आणि ती हँडलवरून पलीकडे गेली.

मी पोचलो तेव्हा ती उजव्या खांद्यावर पडलेली होती. तिची सायकल आडवी होती आणि मागचं चाक हवेत फिरत होतं, रातकिडा बोलत होता. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं. हाताने ऐकलं नाही."

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधला. हाड जुळलं, ते जुळतंच. पण या आजारात जो हात काही आठवडे नुसता पडून राहतो तो उठत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर तरी कसाबसा चालला असता तो. जेवायला, वेणी घालायला, फळ्यावर लिहायला. तो एका वळणावर संपला.

पोरीला आम्ही एवढंच सांगितलं की आई सायकलवरून पडली आणि हात अधू झाला. आजाराचं सांगितलं नाही. तिची नवी नोकरी होती, एकदा पक्की होऊ दे, असं हिचं म्हणणं. पोरगी फोनवर मला म्हणाली, "पप्पा, या वयात तुम्ही तिला डोंगरात न्यायलाच नको होतं." मी हो म्हटलं. तिला वाटलं तिला सगळं कळलंय. खरं तर अर्धंच कळलं होतं, पण दोष ज्याचा होता त्यालाच लागला होता.

ती पुन्हा सायकलवर बसली नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी ब्रेक परत जसे होते तसे केले, डाव्या हाताला मागचा. का केले ते मला सांगता येत नाही. आता ती चालवणारच नव्हती. ती शेजारी बसून बघत होती. संपल्यावर तिने डावा हात लांबवून लिव्हर दाबून बघितलं आणि म्हणाली, "फिरवा बरं चाक." तिथून ते रोजचं सुरू झालं, आणि पोरीला कधी सांगायचं तेही त्याच सकाळी ठरलं.

पहिले काही महिने चाक दाबल्याबरोबर थांबायचं. मग दिवाळीच्या सुमारास मला दिसलं की तिची बोटं लिव्हरपर्यंत पोचायला वेळ लावताहेत. पोचायची, पण चाचपडत. चाक थांबायचं, पण आधी दोन-चार गिरक्या जास्त घ्यायचं.

ब्रेकच्या लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतं. लहान हातांच्या माणसांसाठी ती सोय असते. ती अंघोळीला गेलेली असताना मी तो स्क्रू थोडा फिरवला.

आमच्या कामात एक गोष्ट नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. काटा लाल पट्ट्यात जातोय म्हणून लाल पट्टा सरकवायचा नाही. गेज हे बरं वाटावं म्हणून लावलेलं नसतं. मी स्वतः हे किती जणांना सांगितलंय, चढ्या आवाजात. आणि घरी गॅलरीत उकिडवा बसून मी पट्टाच सरकवत होतो. पुन्हा थोडा. काही आठवड्यांनी पुन्हा. स्क्रू संपला तेव्हा चाक काढलं, लिव्हर दाबून दाबून ब्रेकचे पॅड आत आणले आणि चाक परत बसवलं. आता पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या इतके जवळ होते की नुसतं बोट टेकलं तरी चाक अडकावं. रोज सकाळी चाक थांबायचं. रोज सकाळी ती शाळेत जायची. डाव्या हाताने लिहायला शिकली होती, पण फळ्यावरचं अक्षर आता पोरांना लागत नाही असं हसत सांगायची. मी म्हणायचो, सवय नाही ना, होईल.

मी हे तिच्यासाठी केलं असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. चाक थांबलं नाही तर जे बोलावं लागलं असतं ते मला बोलायचं नव्हतं. सुटा भाग बदलता येतो तोवर मला बोलावं लागत नाही.

मागच्या आठवड्यात तिने लिव्हरवर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. माझ्या हातात सीट, चाक फिरतंय.

"अहो, हे लिव्हर जवळ आलंय."

मी म्हटलं, पॅड झिजतात, मग लिव्हर जवळ येतं.

"सायकल कुठे गेली होती, पॅड झिजायला?"

मी चाक खाली टेकवलं. खालून घंटागाडीचं गाणं येत होतं, ते लांब गेलं. मग तिने विचारलं, केव्हापासून. मी म्हटलं, दिवाळी. तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं असावं. दिवाळीत पोरगी चार दिवस येऊन गेली होती. तेव्हा सांगता आलं असतं, तिच्याबरोबरच जाता आलं असतं. त्या वेळी ही डाव्या हाताने पोळी लाटत होती, वाकडीतिकडी, पण लाटत होती. आता लाटणं धरता येत नाही.

मला वाटलं ती रागवेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटत होतं, हा हात टिकतोय. मी सगळ्यांना सांगत होते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने मान हलवली, नको म्हणून.

"होतं तिथे नेऊन ठेवा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी होतं तिथे."

मी पाना आणला. पॅड मागे ढकलले, स्क्रू उलटा फिरवत गेलो. प्रत्येक वेढ्याबरोबर लिव्हर तिच्या बोटांपासून लांब जात होतं आणि ती ते बघत होती. पुरे का, असं मी मध्येच विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? तुम्हाला माहितीये कुठे होतं ते."

ते मला माहीत होतं. मी तिथवर नेलं.

मग सायकल उचलली, पायडल फिरवलं, चाक वेगात आल्यावर सोडलं. रातकिडा बोलायला लागला. तिने डावा हात मुठीवर ठेवला आणि बोटं पुढे केली. ती लिव्हरपर्यंत आली, त्याच्यावर टेकली. तिने दात आवळलेले मला दिसले. लिव्हर जरासं हललं. तेवढंच.

तिने हात काढला नाही. मीही सीट सोडली नाही. पोरीला फोन करायला हवा होता, शाळेत कळवायला हवं होतं, हे दोघांनाही माहीत होतं, पण चाक फिरत होतं तोवर कुणी उठलं नाही. हब मीच निवडला होता, सगळ्यात मोकळं फिरणारा. कर्रर्र आवाज हळूहळू सुटा होत गेला, एकेक खिट्टी वेगळी ऐकू येऊ लागली. पण चाक थांबायला फार वेळ लागला.